बुडीतखात्याचं दप्तर

दुसऱ्यांसाठी जुनी सरकारी कागदपत्रं वाचून देणं हा माझा धंदा. प्रबंध लिहिणाऱ्या परदेशी संशोधकाला मुंबईत येऊन महिनोन्‌महिने राहणं परवडत नाही. सॉलिसिटरच्या माणसाला भरावाच्या जमिनीचा मूळ ठराव हवा असतो. एखाद्या घराण्याला खापरपणजोबांच्या वैभवाचा पुरावा हवा असतो. ही मंडळी मला विषय सांगतात आणि मी काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात जाऊन चिठ्ठी भरतो, खंड मागवतो, वाचतो, टिपणं काढून पाठवतो. कामाला हुद्दा नाही, पेन्शन नाही. मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लिहिताना मी दरवर्षी काहीतरी वेगळंच लिहीत असे.

पुढे पुढे माझ्याकडे एकाच काळाची कामं यायला लागली. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं आणि मुंबई बुडाली, तो 1865 च्या आगेमागेचा काळ. एकाचं काम चांगलं झालं की तो दुसऱ्याला सांगतो, असं होत होत त्या वर्षांची कागदपत्रं माझ्या ओळखीची झाली. जनरल, रेव्हेन्यू, फायनान्शियल, पब्लिक वर्क्स अशी एकेका खात्याची वर्षवार बांधलेली दप्तरं. निळसर कागद, त्यात उजेडाला धरलं की दिसणारं कारखान्याचं जलचिन्ह, शाईने कुरतडलेल्या ओळी. घडी उलगडताना अजूनही कधीकधी बारीक वाळू बोटांना लागते. टीपकागदाऐवजी कारकून शाईवर टाकायचा, तीच ती.

युद्धाची गोष्ट थोडक्यात सांगतो. 1861 साली अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. त्यांनी मुंबईकडे मोर्चा वळवला. युद्धाआधी पौंडाला चार-पाच पेन्स भाव असलेली आपली रुई 1864 साली वीस पेन्सांच्या पलीकडे गेली. पाच वर्षांत मुंबईला नेहमीच्या भावापेक्षा 8 कोटी 10 लाख पौंड जास्त मिळाले, असा त्या काळी मांडलेला हिशेब आहे. एवढा पैसा ठेवायचा कुठे? 1865 च्या जानेवारीत या शहरात 31 बँका, 16 फायनान्स मंडळ्या, 20 विमा कंपन्या आणि 62 जॉइंट स्टॉक कंपन्या होत्या. बॅक बेचा समुद्र भरून जमीन करायला निघालेल्या कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या वर गेला होता. तेव्हा तो समुद्र भरायचाच होता. एप्रिल 1865 मध्ये दक्षिणेचा जनरल ली शरण गेला, मे उजाडता उजाडता बातमी मुंबईत आली आणि भाव कोसळला. वायद्यांचे सगळे सौदे 1 जुलैला पुरे व्हायचे होते. त्या दिवशी देण्याइतका पैसा कुणाकडेच नव्हता.

इतकं कुठल्याही पुस्तकात सापडतं. मला सुरुवातीला वाटायचं, तेजीच्या वर्षांच्या दप्तरात नुसती धमाल असेल. प्रत्यक्षात 1863-64 च्या कागदांत कापसाचा पैसा फारसा दिसतच नाही. दिसते ती महागाई. धान्य महाग झालं, घरभाडी परवडत नाहीत, पगार वाढवा, असे कचेऱ्यांतल्या कारकून-शिपायांचे अर्ज. मजूर मिळत नाहीत म्हणून खोळंबलेली बांधकामं. गवताचे, लाकडाचे वाढलेले दर. व्यापाऱ्याला नफा झाला तर तो सरकारला पत्र कशाला लिहील? तो लिहितो ते देणं अंगाशी आल्यावर. म्हणून 1865 च्या उत्तरार्धापासून कागद वाढत जातात. मुदत मागणारे, सूट मागणारे, दुसऱ्याने फसवलं म्हणून सांगणारे. जुन्या सरकारी दप्तरावरून एखाद्या बंदराची सुबत्ता अजमावायला निघालेल्या माणसाला मी आता पहिल्याच भेटीत सांगतो, की इथे तुम्हाला बुडीतखातं मिळेल. सुबत्तेसाठी पेढ्यांच्या वह्या शोधा.

हे शहाणपण माझं एकट्याचं नाही. वाचनकक्षात एक वयस्कर गृहस्थ नेमाने यायचे. उभी हयात महसुलाची कागदपत्रं वाचण्यात गेलेली. मी ठराव उतरवून घेतोय हे पाहून एकदा म्हणाले, ‘‘अरे, ठराव काय उतरवतोस? तो तर छापूनही मिळेल. खर्च कुणाच्या माथी मारलाय ते आधी बघ, मग मागे मागे वाचत जा.’’ त्या दिवसापासून मी प्रकरण शेवटाकडून उघडतो. शेवटी हुकूम असतो. हुकमाच्या आधी कौन्सिलातल्या मंडळींचे शेरे, समासात आद्याक्षरांनिशी. त्याच्या आधी सेक्रेटरीच्या हाताखालच्या माणसाचा मसुदा, काटछाट केलेला. आणि सगळ्यात तळाशी मूळ अर्ज. काटछाट नीट वाचावी. मसुद्यात ‘सरकारला याची कल्पना होती’ अशा अर्थाचं वाक्य असतं, त्यावर रेघ ओढलेली असते आणि वर ‘सरकारचं लक्ष वेधण्यात आलं आहे’ असं लिहिलेलं असतं. दोन वाक्यांत फरक केवढा! पक्क्या प्रतीवरून तो कधीच कळला नसता.

आकड्यांशी माझं भांडण फार जुनं. व्यापाराची वार्षिक पत्रकं हंड्रेडवेटमध्ये, म्हणजे 112 पौंडांत. बाजार चालायचा खंडीवर, आणि मुंबईची कापसाची खंडी 784 पौंडांची. दोन गठाणी मिळून एक खंडी. जिल्ह्यातून आलेला कलेक्टर मणांत बोलतो, आणि त्याचा मण कोणता हे तो सांगत नाही. पण यापेक्षा मोठा चकवा वर्षाचा आहे. सरकारी वर्ष तेव्हा 1 मे ते 30 एप्रिल असं चालायचं. 1867 पासून ते एप्रिल ते मार्च झालं. त्यामुळे 1866-67 हे सरकारी वर्ष फक्त अकरा महिन्यांचं आहे. माझ्याकडे आलेल्या एका तरुण संशोधकाने युद्धोत्तर मंदीचा सुंदर आलेख काढला होता आणि त्यातली एक घसरण त्याला फार महत्त्वाची वाटत होती. त्याला पत्रकाच्या तळाशी बारीक टाइपातली टीप दाखवली. बिचारा आधी हिरमुसला. मग कागद ओढून घेतला आणि सगळं बारा महिन्यांच्या मापाने पुन्हा मांडायला बसला. घसरण उरली, पण बरीच बुटकी होऊन.

त्याच आकड्यांनी एक गोष्ट शिकवली. बंदर बुडालं म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर ओस धक्के येतात. तसं काही झालं नव्हतं. हिंदुस्थानातून इंग्लंडला गेलेल्या गठाणींची संख्या त्या दशकात सर्वांत मोठी आहे ती 1866 ची, म्हणजे शांतता होऊन वर्ष उलटल्यावरची. कुलाब्याच्या कॉटन ग्रीनवर ढीग होतेच, बैलगाड्यांच्या रांगा होत्याच, हमाल पाठीवर गठाणी वाहतच होते. भोर घाटातून रेल्वे 1863 ला वर गेली, थळ घाटातून 1865 ला, आणि 1867 ला ती नागपूरला पोहोचली. उमरावतीची आणि हिंगणघाटची रुई पूर्वी बैलाच्या पाठीवरून यायची, ती आता डब्यातून यायला लागली. माल येत होता, जहाजं भरत होती, आणि मालक दिवाळखोर होते. वजन आणि किंमत या दोन रकान्यांची ताटातूट झाली, की बंदरात काय होतं ते इथे पाहावं. आजही एखाद्या शहराची मंदी मोजायला जे फक्त रुपये मोजतात किंवा फक्त कंटेनर मोजतात, त्यांचं लेखन मी जरा सावधपणेच वाचतो.

त्यात 1866 च्या मे महिन्यात लंडनची ओव्हरेंड गर्नी ही पेढी बुडाली आणि उरलंसुरलं त्या लाटेत गेलं. बॅक बेचा शेअर दोन हजारांच्याही खाली आला. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर एकदा 2850 रुपयांना गेला होता, तो 87 रुपयांना मिळायला लागला.

या बँकेच्या कागदांत मी वाजवीपेक्षा जास्त रमलो, हे कबूल करतो. ही साधी बँक नव्हती. 1840 सालची, सरकारचं भांडवल असलेली, संचालकांपैकी तिघे सरकारने नेमलेले. 1863 मध्ये कायदा बदलून तिला कर्ज देण्यात बरीच मोकळीक मिळाली. मग शेअरबाजारातले बडे दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर, नुसत्या वैयक्तिक हमीवर, लाखांची कर्जं गेली. 1868 साली बँक गुंडाळावी लागली आणि सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. त्या साक्षी ज्याने वाचल्या त्याला नंतरच्या कुठल्याही बँक घोटाळ्याचं नवल वाटणार नाही. संचालक म्हणतात, आम्ही सचिवावर विसंबलो. सरकारी संचालक म्हणतात, आम्हाला खात्याचंच काम इतकं होतं. आयोगाने कारणं दिली त्यात नवा कायदा आहे, सचिवांनी केलेला गैरवापर आहे, चांगल्या कायदेशीर सल्ल्याचा अभाव आहे, आणि शेवटी आहे तो काळ, काळच मुळी विलक्षण होता म्हणे. साक्षीमागून साक्षी वाचल्यावर या शेवटच्या कारणाशी मी मोठ्याने हसलो होतो. समोरच्या टेबलावरच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

प्रेमचंद रायचंद यांच्याविषयी मात्र एकेरी बोलवत नाही. तेजीत असताना त्यांनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख दिले होते. त्यातून राजाबाई टॉवर उभा राहिला तो 1878 मध्ये, म्हणजे शेअरबाजार झोपून तेरा वर्षं झाल्यावर. फोर्टातल्या ज्या इमारतींकडे बोट दाखवून आपण तेजीची मुंबई म्हणतो, त्यांतल्या कितीतरी मंदीत बांधल्या गेल्या. जुनं सेक्रेटरिएट 1874 चं, हायकोर्ट 1878 चं. पैसा बुडण्याआधी तरतूद झाली होती आणि सरकारी तरतूद सावकाश खर्च होते, एवढंच त्याचं गुपित.

माझ्या कामाला कलाटणी मिळाली ती एका घराण्यामुळे. गिरगावातली प्रतिष्ठित मंडळी. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जायचं की मूळ पुरुष लक्षाधीश होते, कापसात होते, 1865 ला सगळं गेलं. त्यांना कौटुंबिक ग्रंथ छापायचा होता. मी व्यापाऱ्यांच्या याद्या धुंडाळल्या, त्यांत ते नव्हते. मग मुंबई सरकारच्या गॅझेटमध्ये नादारांच्या कोर्टाच्या नोटिसा छापून येत, त्या वाचायला घेतल्या. नाव, बापाचं नाव, राहण्याचं ठिकाण, धंदा. अशा नोटिसांत शराफ आणि दलाल तर आहेतच, पण सुतार आहेत, शिंपी आहेत, कारकून आहेत, शाळामास्तर आहेत. सापडले तिथे त्यांचे पूर्वज. एका कचेरीत कारकून, आणि शेअरांपायी कर्जबाजारी. मी नोटिशीची नक्कल आणि टिपण पाठवलं. उत्तर आलं नाही, पैसेही आले नाहीत. फोन केला तर म्हणाले, ‘‘आम्हाला हे नको होतं.’’ ग्रंथ निघाला, त्यात लक्षाधीश जसेच्या तसे आहेत.

पैशाचं वाईट वाटलंच, ते लपवण्यात अर्थ नाही. पण त्या नोटिसांनी मला कामाची दुसरी बाजू दाखवली. तोवर मी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांचे शेरे आणि आयोगांचे अहवाल वाचत होतो. मोठ्यांचं बुडणं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. पगारदार कारकुनाने उसनवारी करून एक शेअर घेतला आणि तो गेला, याची दखल तीन ओळींच्या नोटिशीपलीकडे नाही. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखा नामांकित माणूस त्या सट्ट्यात होरपळला, हे आपण वाचलेलं असतं. त्यांच्या मागे उभी असलेली रांग कुणी मोजलेली नाही. नोटिसा वाचायच्या, धंदे आणि पत्ते टिपायचे, हे मी तेव्हापासून कुणी पैसे देवो न देवो, फावल्या वेळात करत आलोय.

आणि नोटिशीतसुद्धा न येणारे? त्यांच्यासाठी खानेसुमारी पाहावी लागते. 1864 च्या गणतीत मुंबईची वस्ती 8,16,562 होती. 1872 ला ती 6,44,405 भरली. पावणेदोन लाख माणसं कमी. भराव थांबले, बांधकामं थांबली, मजुरी उतरली आणि घाटावरून, कोकणातून आलेली माणसं परत गेली. परत गेली त्या गावी काय होतं ते रेव्हेन्यूच्या दप्तरात. तीस वर्षांची मुदत संपून इंदापूर तालुक्याची जमीन आकारणी 1867 ला नव्याने ठरली आणि सारा चांगलाच वाढला. वाढवण्याचं समर्थन काय, तर भाव चढले आहेत, रेल्वे आली आहे, रयत सुधारली आहे. हे लिहिलं जात असताना भाव उतरणीला लागले होते. तेजीच्या वर्षांचा आकडा धरून मंदीच्या वर्षांत सारा वसूल करायचा, हा हिशेब दख्खनच्या रयतेला सावकाराच्या दारात घेऊन गेला. 1874 मध्ये सरकारने वाढीला मर्यादा घातली, तालुक्याला शेकडा 33, गावाला 66. मे 1875 मध्ये सुप्याला दंगा झालाच. लोकांनी सावकारांच्या घरातली खतं काढून जाळली. चौकशी आयोगात उत्तरेकडून आलेले ऑकलंड कॉल्विन यांनी आकारणीवर स्पष्ट बोट ठेवलं. मुंबईच्या बाकी अधिकाऱ्यांचा सूर वेगळा, सावकारच वाईट. ही दोन मतं एका प्रकरणात शेजारी शेजारी वाचायला मिळतात, याबद्दल मी त्या सरकारचा ऋणी आहे.

एका अभ्यासकाला मी सुचवलं होतं, की बंदराचा इतिहास लिहिताय तर इंदापूरचा खंडही वाचा. ते म्हणाले, तो माझ्या विषयात बसत नाही. बसत नसेल. खातं वेगळं म्हणून विषय वेगळा, ही सवय दप्तराने अभ्यासकांना लावली आहे. कापूस एका खात्यात, सारा दुसऱ्या, भराव तिसऱ्या. 1865 चा बारीकसा पैजांविरुद्धचा मुंबई कायदा, क्रमांक 3, कायदे खात्यात. तो वायद्यांच्या सट्ट्यातूनच आला आणि जवळजवळ शंभर वर्षांनी, 1959 मध्ये, सर्वोच्च न्यायालयात त्यावर खल झाला. सॉलिसिटरची माणसं मला अजून त्याच्याबद्दल विचारतात, कापसाबद्दल कधीच नाही.

अलीकडे कामं बदलली आहेत. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळाची विचारणा वाढली, आणि तिथे पोहोचल्यावर मला चक्क जुन्या ओळखीचं कुणी भेटल्यासारखं झालं. युद्ध संपलेलं, गिरण्यांनी अफाट नफा कमावलेला, आणि गव्हर्नर जॉर्ज लॉइड पुन्हा तोच बॅक बे भरायला निघालेले. 1145 एकर भरणार होते, निम्म्याहून कमी भरले. खर्च वाढत गेला, मंदी आली, वीर नरिमन यांनी गैरकारभार चव्हाट्यावर आणला, हार्वे नावाच्या इंजिनियरने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला आणि 1928 मध्ये नरिमन सुटले. पहिल्या वेळी कंपनी होती म्हणून भागीदार बुडाले, या वेळी भराव घालणारं विकास खातंच सरकारी होतं.

त्याच विकास खात्याने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोडला चाळी बांधल्या, एकूण 207. नायगावच्या चाळीत जन्म काढलेले रेल्वेच्या हिशेब खात्यातले एक निवृत्त गृहस्थ माझ्याकडे आले. पुनर्विकासात चाळ पाडायची ठरली होती आणि त्यांना एकच जाणून घ्यायचं होतं, ही बांधली कुणाच्या पैशाने. फी किती म्हणून आधीच विचारलं, ते मला आवडलं. मी त्यांना 1920 चे कागद काढून दिले. कर्ज काढलं होतं, आणि ते फेडायला मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गठाणीमागे एक रुपया जकात बसवली होती. त्यांनी तिथल्या तिथे पेन्सिल काढली. एका खोलीला किती गठाणी पडल्या याचा हिशेब मांडायला सुरुवात केली, मग थांबून विचारलं, ‘‘भाडं किती होतं सुरुवातीला?’’

भाडं मजुराला झेपणारं नव्हतं. खोल्या वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या आणि सरकारला तोटा व्हायला लागला. सविनय कायदेभंगाच्या काळात तर वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग केला आणि सत्याग्रही त्यांत कोंडले. हे सांगितलं तेव्हा गृहस्थांनी पेन्सिल खिशात ठेवली.

‘‘म्हणजे शेवटी बिनभाड्याचेच मिळाले की,’’ ते म्हणाले, आणि पावती मागितली.